कागद नसलेल्या बिऱ्हाडांसाठी आमदाराकडे जाताना

आपल्या खान्देशात महामार्गाच्या कडेला, बाजारतळावर, गावाबाहेरच्या गायरानात पालं टाकून राहणारी नाथजोगी, डवरी गोसावी, गाडी लोहार, वैदू, बहुरूपी यांची कितीतरी बिऱ्हाडं अशी आहेत की ती याच देशातली आहेत, हे सांगणारा एकही कागद त्यांच्याकडे नाही. जन्म पालात झाला, नोंद कोणी केली नाही. जन्माची नोंद नाही म्हणून शाळेत अडचण, शाळेचा दाखला नाही म्हणून जातीचा नाही, जातीचा नाही म्हणून घरकुल नाही. एक म्हातारी मला म्हणाली होती, "बाई, मन्हा जलम पालमा व्हयना, कागद कोठून लयू?" या प्रश्नाचं उत्तर तहसीलच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनाकडे नसतं. त्याच्यापुढे नियम असतो आणि नियम बदलणारी माणसं मुंबईत, नागपुरात, दिल्लीत बसतात. म्हणून लोकप्रतिनिधीकडे जावं लागतं.

मी पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पालांवरची मुलं वर्गात यायची, बिऱ्हाड हललं की निघून जायची. निवृत्तीनंतर त्यांच्या आईबापांच्या कागदांसाठी मी आमदार-खासदारांकडे जाऊ लागले. त्यातून जे समजलं ते इथे लिहिते. तरुण शिक्षक, आशाताई, ग्रामसेवक आणि पालांवरची दहावी-बारावी झालेली पोरं हे काम पुढे नेऊ शकतील.

आधी एक गोष्ट पक्की करा: तुम्ही मागताय ते देणं कोणाच्या हातात आहे? दाखल्यांचं शिबिर लावणं, तलाठ्याला पालावर पाठवून चौकशी करवणं हे तहसीलदार, प्रांत आणि कलेक्टर यांच्या हातात आहे. तिथे आमदाराचं पत्र आणि त्यांनी लावलेली बैठक पुरते. जातीच्या दाखल्यासाठी कोणते पुरावे धरायचे, उशिराच्या जन्मनोंदीची कार्यपद्धती कशी असावी, हे मंत्रालयाचं काम. तिथे विधानसभेत किंवा परिषदेत प्रश्न लागला पाहिजे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा, आधार आणि जनगणना केंद्राकडे, म्हणजे तो विषय खासदारांचा. खासदाराकडे जातीचा दाखला आणि आमदाराकडे आधारचा कायदा घेऊन गेलात तर दोघंही गोड बोलून चहा पाजतील आणि काम जागेवर राहील.

मग माहिती गोळा करा. त्यासाठी पावसाळ्यासारखा काळ नाही. उन्हाळ्यात बिऱ्हाडं पांगलेली असतात, पावसाळ्यात बरीचशी एका जागी थांबतात. श्रावणात पालोपाल फिरा. प्रत्येक कुटुंबाचं एक पान करा: माणसं किती, कोण कुठे जन्मलं, कोणता कागद आहे, कोणता नाही, कुठे अर्ज केला आणि काय सांगून परत पाठवलं. नाकारल्याचं पत्र असेल तर त्याचा फोटो काढा. बहुतेक वेळा तोंडीच परत पाठवतात. मग तारीख आणि कार्यालय लिहून घ्या, आणि पुढच्या वेळी अर्ज आवक-जावकला देऊन पोच घ्यायला शिकवा. मूळ कागद कधीही स्वतःकडे ठेवू नका. एखाद्या कुटुंबाकडे असलेला एकमेव कागद तुमच्या पिशवीत राहिला तर त्यांचं सगळंच गेलं. नावांची यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. आणि कोणाकडूनही, झेरॉक्सचे सोडून, एक रुपया घेऊ नका.

डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला दूरदूरची बिऱ्हाडं येतात, तिथे राहिलेली माणसं भेटतात. पण नागपूरचं हिवाळी अधिवेशनही साधारण तेव्हाच असतं आणि आमदार तिकडे गेलेले असतात. म्हणून अधिवेशनात काही व्हायला हवं असेल तर दिवाळीआधी आमदारांच्या हातात कागद पडला पाहिजे. तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं त्यांच्या, सूचना अधिवेशनाच्या काही आठवडे आधीच द्याव्या लागतात. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला आणि पावसाळी जून-जुलैच्या आसपास मुंबईत भरतं. त्यांचाही हिशोब असाच उलटा मोजा.

आता अवघड भाग. आमदारांच्या बैठकीत कोणी ना कोणी विचारणारच, "ही माणसं बाहेरची तर नाहीत ना?" मालेगावातून बांगलादेशींना उशिराच्या जन्मनोंदीवर दाखले दिल्याच्या तक्रारी गाजल्या, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच विचारला जातो. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने एका वर्षापेक्षा उशिराच्या जन्मनोंदींचे दाखले देणं थांबवलं आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली. घुसखोर शोधायचे तर सरकारने जरूर शोधावेत, पण पिढ्यान् पिढ्या तापी-पांझरेच्या काठाने फिरणारी माणसं त्याच चाळणीत अडकली. त्यांच्याजवळ आधीच काही नव्हतं, आता अर्ज करायचीही भीती वाटते.

या प्रश्नावर चिडू नका. उत्तर तयार ठेवा. पालावरच्या वयस्कर माणसांना विचारा की लहानपणी कुठल्या गावी थांबायचात, कुठल्या यात्रेला जायचात, आजा-पणजाची समाधी कुठे आहे, भाऊबंदांपैकी कोणी शाळेत गेलं होतं का. त्या गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पाहायला मिळावं म्हणून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज करा. एखाद्या चुलत्याचं नाव जातीच्या रकान्यासह सापडतं आणि निर्गम उतारा, म्हणजे त्या शाळेतल्या नोंदीची नक्कल, मिळते. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही असते. तिची नक्कल मागता येते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी शासनाने हीच दप्तरं, मोडी लिपीतली सुद्धा, गावोगाव उघडली. ते करता आलं, तर भटक्यांच्या नोंदींसाठीही सरकारी यंत्रणेने तोच शोध घ्यावा ही मागणी अगदी रास्त आहे. माझ्या मते आज आमदारांपुढे ठेवण्यासारखी ही सगळ्यात वजनदार मागणी आहे, कारण ती नवीन काही मागत नाही, केलेलं काम पुन्हा करायला सांगते.

आणि राईनपाड्याची आठवण द्या. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या त्या गावात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मारून टाकलं. पोट भरायला आलेली आपलीच माणसं होती ती. ज्याला समाज ओळखत नाही त्याच्या जिवाला धोका असतो, हे धुळे जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधीला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फक्त आठवण द्यावी लागते.

निवेदन एका पानाचं असावं. इतिहास थोडक्यात पुरे: जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आयोगाचा २००८ चा अहवाल, त्याच कामासाठी २०१५ साली नेमलेला इदाते आयोग. दोन ओळी. त्याखाली तुमच्या तालुक्याची आकडेवारी, तुम्ही स्वतः पालावर जाऊन मोजलेली. मग मागणी, आणि मागणी अशी की वाचणाऱ्याला "हो" किंवा "नाही" म्हणता यावं. "भटक्यांना न्याय मिळावा" यावर कोणीही सही करतं आणि काहीच घडत नाही. मी असं लिहिते:

"विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा लेखी पुरावा मागितला जातो. फिरस्तीमुळे तो बहुतांश कुटुंबांकडे नाही. तरी (१) तालुक्यातील सोबतच्या यादीतील वस्त्यांवर मंडळ अधिकाऱ्यांमार्फत गृहचौकशी करून पंचनाम्याच्या आधारे दाखले द्यावेत. (२) शाळांची जुनी रजिस्टरं व गाव नमुना १४ मधील या जमातींच्या नोंदी महसूल विभागाने शोधून प्रसिद्ध कराव्यात. (३) उशिराच्या जन्मनोंदीच्या अर्जात पुरावा अपुरा असल्यास भटक्या कुटुंबांना गुन्ह्याची भीती न घालता सुनावणीची संधी द्यावी."

१९६१ ची तारीख बदलून मागू नका. ती सगळ्या राज्याला लागू आहे, तिला हात लावायला कोणी धजणार नाही. पुरावा कोणता धरायचा, एवढ्यावर बोला.

आमदारांना भेटायचं तर शनिवार-रविवार सकाळी लवकर, मतदारसंघातल्या घरी किंवा कार्यालयात. लग्नाच्या मांडवात, दशक्रियेला, सत्काराच्या गर्दीत निवेदन देऊ नका. तिथे हातात घेतलेला कागद ड्रायव्हरच्या सीटमागे राहतो. पीएशी ओळख वाढवा. प्रश्न लिहून देणारा, पत्र टाइप करणारा, आठवण करणारा तोच असतो. पत्राचा मजकूर तुम्हीच टाइप करून मोबाइलवर तयार न्या. नाहीतर "सदर प्रकरणी नियमानुसार उचित कार्यवाही व्हावी" एवढंच पत्र निघतं, आणि नियमानुसारच तर नकार मिळतोय! पत्रात बैठकीची मागणी असावी: कलेक्टर किंवा प्रांत, तहसीलदार, गटशिक्षणाधिकारी आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाचा अधिकारी, सगळे एका टेबलावर.

सोबत पालावरची माणसं न्याच, पण मोजकी. एक म्हातारं माणूस, एक बाई, एक शिकलेलं पोर. बोलायचं त्यांनी. "भाऊ", "आबा", "दादा" जे काही आमदारांना गावात म्हणतात तसंच म्हणू द्या, लाजू देऊ नका. आमदारांनी "काय काम शे?" म्हणून विचारलं की पोराने तीन वाक्यांत सांगावं, म्हातारीने स्वतःचं सांगावं, आणि तुम्ही कागद पुढे करावा. तुम्हीच बोलत राहिलात तर ती मागणी तुमची होते, त्यांची राहत नाही.

मतदार यादीत नाव असलेल्या वस्तीचं म्हणणं जास्त ऐकलं जातं, हे खरं आहे. म्हणून बेघर माणसाच्या नोंदणीची तरतूद माहीत असू द्या. पत्त्याचा पुरावा नसेल तर फॉर्म ६ मध्ये झोपण्याची जागा लिहायची. बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या गावपातळीवरच्या माणसाने, रात्री तिथे जाऊन माणूस खरोखर झोपतो का ते पाहायचं. खात्री झाली की राहण्याचा वेगळा कागद लागत नाही. बीएलओ बहुधा गावातलाच शिक्षक किंवा अंगणवाडीताई असते, त्यांच्याशी आधी बोलून घ्या. आमदारांना त्याच भेटीत आणखी एक काम सांगता येतं: आधारसाठी पत्त्याचा दाखला ठरावीक नमुन्यात, फोटोवर सही-शिक्क्यासह, लोकप्रतिनिधी देऊ शकतात. ताजा नमुना छापून भरून न्या, म्हणजे तिथल्या तिथे सह्या होतात. पहिल्याच भेटीत कोणाच्या तरी हातात काही पडलं, तर बाकीच्या पालांवर विश्वास बसतो.

तुमचे आमदार मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारणार नाहीत. त्यांच्याकडे विभागाच्या सचिवांबरोबर बैठक मागा आणि प्रश्नासाठी शेजारच्या मतदारसंघात जा. खान्देशात विधानसभेच्या २० जागा आहेत, जळगावच्या ११, धुळ्याच्या ५, नंदुरबारच्या ४. विषय तिन्ही जिल्ह्यांचा असल्याने कोणाकडेही जाता येतं. विधान परिषद तर लोक विसरूनच जातात. नाशिक विभागाचे शिक्षक आणि पदवीधर आमदार आपलेही आहेत, आणि शाळेच्या दाखल्यांचा विषय शिक्षक आमदाराला चटकन समजतो. विरोधी पक्षातला एक आणि सत्तेतला एक, दोघांकडून एकाच अधिवेशनात विषय आला तर उत्तम. मात्र दोघांना सांगून ठेवा, लपवू नका.

प्रश्नाचा मजकूरही तुम्हीच द्या. "शासनाने काय कार्यवाही केली?" असा मोघम प्रश्न दिला की "कार्यवाही सुरू आहे" असं मोघम उत्तर येतं. त्याऐवजी असं विचारायला सांगा: मागच्या वर्षात धुळे जिल्ह्यात भटक्या जमातींचे किती अर्ज आले, किती फेटाळले, कोणत्या कारणाने, आणि गृहचौकशी किती प्रकरणांत झाली? लक्षवेधी सूचना (एखाद्या तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) लागली तर चर्चा होते आणि मंत्र्यांना सभागृहात शब्द द्यावा लागतो. विधिमंडळाची विमुक्त जाती व भटक्या जमाती कल्याण समिती आहे. ती जिल्ह्यांचे दौरे करते. दौरा ठरल्याचं कळलं की तुमची कुटुंबांची पानं घेऊन तिच्यापुढे जा. आमदारांच्या घाईच्या भेटीपेक्षा तिथे जास्त वेळ मिळतो, आणि अधिकारी समोरच बसलेले असतात.

खासदारांकडे सध्या एकच विषय न्या: जनगणना. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिनांक आहे आणि या वेळी जातीची नोंद होणार आहे. पालावरच्या माणसाची जमात त्याच्या खऱ्या नावाने नोंदली जावी, फिरत्या कुटुंबांच्या मोजणीचं नियोजन जिल्ह्याने आधी जाहीर करावं, एवढं लोकसभेत शून्य प्रहरात किंवा नियम ३७७ खाली (खासदारांना आपले विषय मांडायच्या या दोन वाटा) मांडायला सांगा. प्रगणक शिक्षकच असतात, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षणात पालांची यादी पोहोचवणं हे काम तर आपण इथेच करू शकतो.

मंत्र्यांनी सभागृहात "सूचना देण्यात येतील" म्हटलं की काम सुरू होतं. विधिमंडळाच्या कामकाजातून ते वाक्य शब्दशः उतरवून घ्या आणि तारखेसह कलेक्टरांना पत्र लिहा: अशी सूचना आली का, क्रमांक काय? उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार, ३० दिवसांची मुदत. तरीही हललं नाही तर त्याच आमदारांमार्फत आश्वासन समितीकडे, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात दिलेले शब्द पाळले का ते पाहणाऱ्या विधिमंडळाच्या समितीकडे, विषय पाठवा. शासन निर्णय किंवा परिपत्रक निघालं तर त्याच्या प्रती काढून प्रत्येक तलाठ्याच्या, सेतू केंद्राच्या आणि मुख्याध्यापकाच्या हातात स्वतः नेऊन द्या, पोच घ्या. एक प्रत पालावरच्या शिकलेल्या पोराजवळ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. बिऱ्हाड दुसऱ्या तालुक्यात गेलं की तिथल्या खिडकीवर तीच दाखवायची आहे.