जुन्या वाड्याचं कलाकेंद्र करायचंय? आधी ओल बघा

पंचवटीत, जुन्या नाशकात अजूनही किती वाडे कुलूप लावून पडलेत, आणि "इथे गाण्याच्या बैठका काय रंगतील" असं वाटणारे पण खूप जण भेटतात, त्यांच्यासाठी लिहितोय.

सगळ्यात आधी सिटी सर्व्हेचा उतारा (मालकांची नावं असलेला सरकारी कागद) काढा. त्यावर चुलत भाऊ, आत्या, त्यांची मुलं अशी सगळी नावं निघतात. त्यांच्या सह्या आणि महापालिकेची परवानगी हातात आल्याशिवाय खिळाही ठोकू नका.

मग ओल. गोदाकाठी हाच खरा प्रश्न, 2019 ला सराफ बाजारात पाणी शिरलेलं आठवत असेलच. भिंतीला कोणी सिमेंट मारलं असेल तर आधी ते काढा. आमच्या ओसरीला मागे एका मिस्त्रीने सिमेंटचा गिलावा केला, दिसायला एकदम चकाचक, पण ओल आतच कोंडली आणि दोन पावसाळ्यांनी विटेला नख लावलं की भुगा पडायचा. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल निघून जाते, म्हणून तोच करा. चुना निदान पंधरा दिवस भिजवून मुरू द्या, मग वाळू आणि विटांची सुरकी (भुकटी) घालून चुना मळायच्या दगडी घाण्यात मळा, जुने गवंडी त्यात गूळ नि हिरड्याचं पाणी घालतात, असा गवंडी मिळाला तर त्याच्याशी मजुरीवरून घासाघीस नका करू प्लीज. आणि भिंत नीट वाळेपर्यंत रंग नाही म्हणजे नाही.

खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टणक लागला तर हात लावू नका, आत घुसला तर कुजलंय तेवढंच कापून सागाचा जोड द्या, अख्खा खांब कशाला बदलायचा?

माडीवर कार्यक्रम नकोच. राहत्या घराच्या मजल्याला चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात, माणसं दाटीने बसणाऱ्या हॉलला 500. माडीवर इंजिनिअरला दाखवून चित्रकलेचा दहा-बारा मुलांचा क्लास घ्या, गाणं खाली चौकातच. वायरिंग सगळं नवीन करा, कडीपाटावर (लाकडी तुळया-फळ्यांच्या छतावर) उघडी वायर अजिबात नको.

पहिली बैठक कोजागिरीला ठेवा. पाऊस बहुतेक सरलेला असतो, वर मोकळं आभाळ. माईक लावायच्या आधी एकदा नुसता तंबोरा छेडून चारही ओसऱ्यांत बसून ऐका, गायक कुठे बसवायचा ते तिथेच कळतं.