सवय सुटत नाही? निर्धाराला दोष देण्याआधी या चुका टाळा

वीज गेली आहे हे पक्के ठाऊक असूनही खोलीत पाऊल टाकताच हात दिव्याच्या बटणाकडे जातो, बटण दाबले जाते आणि मगच स्वतःचे हसू येते. सवय मोडण्याचे बहुतेक प्रयत्न फसतात ते इथेच, कारण आपण सवयीची समजूत घालत बसतो आणि सवय समजुतीला बांधलेली नसते. ती जागेला, वेळेला आणि आधीच्या कृतीला बांधलेली असते.

म्हणूनच सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सवयीला आवड समजणे. डेव्हिड नील, वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. सिनेमागृहात आलेल्या प्रेक्षकांपैकी काहींना ताजे, तर काहींना आठवडाभर आधीचे शिळे पॉपकॉर्न देण्यात आले. ज्यांना सिनेमा पाहताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय होती, त्यांनी ते शिळे आहेत हे जाणवूनही जवळजवळ ताज्याइतकेच खाल्ले. हाच प्रयोग सभा घेण्याच्या खोलीत केला, तेव्हा मात्र तशीच सवय असलेल्यांनीही शिळे पॉपकॉर्न कमी खाल्ले. आणि सिनेमागृहातच, पण नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हाताने खायला सांगितले, तेव्हाही तेच घडले. म्हणजे जिभेला चव कळत होती, पण तिला विचारण्याची वेळच येत नव्हती. तेव्हा एखादी सवय सुटत नाही म्हणून ‘मला मनातून ती सोडायचीच नसेल’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. आधी जागा बदलून पाहावी, वस्तू हाताच्या अंतरावरून दूर ठेवावी, आणि ते जमत नसेल तर निदान कृती अवघडल्यासारखी होईल एवढी तरी व्यवस्था करावी.

दुसरी चूक म्हणजे सवयीला मध्यावर अडवायला जाणे. मेंदूशास्त्रज्ञ ॲन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेत चक्रव्यूहातून धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूतील बेसल गँग्लिया या भागाची नोंद घेण्यात आली. वाट नवी असताना तेथील पेशी धावण्याच्या संपूर्ण वेळात सक्रिय असत. वाट अंगवळणी पडल्यावर मात्र ही हालचाल मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी दिसू लागली. कृतींची साखळी एकसंध होऊन बसते, ती अशी. माणसाच्या बाबतीतही एकदा सुरू झालेली गोष्ट निम्म्यावर थांबवणे फार जड जाते, असा सर्वसाधारण अनुभव आहे, त्यामुळे जे काही करायचे ते पहिली कडी हलण्यापूर्वी करावे. आणि तिथे नुसते ‘हे करणार नाही’ असे ठरवून भागत नाही, कारण ‘नाही’ ही काही कृती नव्हे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी मांडलेली ‘जर–तर’ योजना अधिक उपयोगी ठरते: जर काम संपवून खुर्चीवर बसलो, तर आधी पाणी पिईन. प्रसंग आणि कृती दोन्ही आधीच ठरलेली असली, की ऐन वेळी विचार करण्याचा भार राहत नाही.

एकवीस दिवसांची मुदत घालणे हीसुद्धा चूकच. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधील लेखनातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना किमान सुमारे 21 दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे त्यातले ‘किमान’ गळाले आणि चेहराही गळाला. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये 96 स्वयंसेवकांचा अभ्यास केला, तेव्हा नवी कृती आपोआप होऊ लागण्याचा अंदाजित काळ 18 ते 254 दिवस इतका वेगवेगळा निघाला आणि मध्यांक (निम्मे त्याच्या खाली, निम्मे वर) 66 दिवसांचा होता. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला, तर त्यात विशेष काही नाही. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नसल्याचेही दिसले, त्यामुळे एका खाड्यानंतर सगळेच सोडून देण्याला काहीही आधार नाही.

जुनी सवय परतली, की लोक ‘पहिले पाढे पंचावन्न’ म्हणून मोकळे होतात. पण सुटलेली सवय पुसली जात नाही, ती दबलेली असते. शिकवून लावलेला प्रतिसाद विझल्यानंतर काही काळ मध्ये गेला, की तो पुन्हा डोके वर काढतो, हे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतच पाहिले होते. त्यामुळे सवय परतली, तर ती कुठे, किती वाजता, कोणत्या कामानंतर आणि कोणाच्या सोबतीत परतली, एवढे त्याच दिवशी लिहून ठेवावे; बहुधा काही नोंदींतच एकच ठिकाण पुन्हा पुन्हा दिसू लागते. (दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसारखे व्यसन हा वेगळा विषय आहे. तिथे अचानक सोडणे धोक्याचे ठरू शकते, म्हणून डॉक्टरांचा सल्ला आधी.)

शेवटी राहते ती अर्धवट बंदोबस्ताची चूक. रात्री फोन पाहणे थांबवायचे म्हणून चार्जर दुसऱ्या खोलीत नेला जातो, पण सकाळचा गजर फोनवरच असतो. मग दोनच रात्रींत फोन उशाशी परत येतो आणि खापर मनोबलावर फुटते. चार्जर हलवण्याआधी गजराचे वेगळे घड्याळ आणावे.