घरच्या घरी टाय-डाय: गाठीआधी सोडा

टाय-डायचा, म्हणजे बांधून रंगवलेला शर्ट बिघडला की माणसं गाठींना नावं ठेवतात. माझा पहिला शर्ट बिघडला तो ऐकीव सल्ल्यामुळे. रंगात मीठ टाक, व्हिनेगर टाक आणि उकळ, असं कुणीतरी सांगितलं आणि मी तस्संच केलं. दोरीवर शर्ट झकास दिसला. पहिल्या धुण्यात मात्र बादली जांभळी झाली, आणि सोबत भिजत घातलेला पांढरा टॉवेलही. व्हिनेगरसारखं आम्ल लोकरीच्या नि रेशमाच्या रंगांना लागतं. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे सुताशी रासायनिक सांगड जुळवून पक्का होणारा रंग, बसवायचा तर नेमकं उलटं, म्हणजे धुण्याचा सोडा हवा.

आधी कापड बघा. शर्ट शंभर टक्के सुती हवा. लेबलवर विश्वास नसेल तर आतल्या शिवणीजवळचा कापडाचाच एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि पेटवा. जळक्या कागदासारखा वास आला आणि मऊ राख उरली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. त्यावर हा रंग चढत नाही. नवा शर्ट असेल तर साबणाच्या गरम पाण्यात धुऊन घ्या, कारण त्यावर खळ असते. फॅब्रिक सॉफ्टनर नको.

आता रंग. सोलापूर चादरी-टॉवेलांचं गाव, त्यामुळे यंत्रमागांच्या पूर्व भागात रंग-केमिकलची दुकानं आहेत. तिथे "कोल्ड ब्रँड रिॲक्टिव्ह" मागा, म्हणजेच एम ब्रँड. "मालक, एच देऊ का, तोपण चांगलाय," असं दुकानदार म्हणाला तरी नको म्हणा. एच ब्रँडला पाणी चांगलं तापवावं लागतं, एमचं काम साध्या तापमानाला होतं. लाल, पिवळा, निळा एवढे तीन पुरे. सुटे पन्नास-शंभर ग्रॅम मिळतात का, तेही विचारून बघा.

सोडा किराणा दुकानातला, पण धुण्याचा. खाण्याचा सोडा सौम्य असतो, त्याने रंग धड पकडत नाही. लिटरभर कोमट पाण्यात साधारण 60 ग्रॅम पावडर घ्या. चार शर्टांना चार लिटर पाणी. खड्यांचा सोडा असेल तर अडीच पट घ्या, त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. हातमोजे घालून शर्ट त्यात वीसेक मिनिटं बुडवा आणि घट्ट पिळा. हे पाणी डोळ्यांत उडू देऊ नका.

शर्ट भिजतोय तोवर रंग कालवा. पाव लिटर पाण्याला दोन चहाचे चमचे पावडर. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, म्हणून मी एवढ्यापुरतं फिल्टरचं वापरते. पंखा बंद ठेवा, नाकाला मास्क लावा. ही पूड श्वासात जाणं चांगलं नाही. भांडी स्वयंपाकातली नकोत, आणि एकदा घेतली की ती परत ओट्यावर आणायची नाहीत. रंग टोकदार बुचाच्या बाटल्यांत भरा. बाटलीत सोडा टाकू नका, टाकला तर तासा-दोन तासांत रंगाची ताकद जाते.

पहिल्यांदा चक्रच करा. ओला शर्ट पसरा, मधोमध चिमटीत धरा आणि चकलीसारखा गोल गोल वळत न्या. चपटी गोल वडी झाली की तिच्यावर तीन रबर आडवे-तिडवे चढवा. भाकरीचे सहा तुकडे पाडल्यासारखे भाग दिसतील. दोन भागांत पिवळा, दोनांत लाल, दोनांत निळा. शेजारशेजारचे रंग मिसळून केशरी, हिरवा, जांभळा आपोआप मिळतो. तिन्ही एकाच जागी सांडले तर मात्र चहाचा गाळ होतो. उलट बाजूलाही तेच. घडीच्या आत रंग पोचला का ते बोटाने दाबून बघा, कारण उघडल्यावर दिसणारे पांढरे ढग तिथूनच येतात.

यानंतरची पायरी लोक हमखास चुकतात. शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून चोवीस तास ठेवायचा. उन्हात वाळवायचा नाही! सोलापूरचा एप्रिल-मे आपल्या कामाचा आहे, उबेत रंग आणि सुताची सांगड लवकर बसते; पण ती ओलेपणातच बसते. शर्ट वाळला की काम थांबलं. म्हणून पिशवी घट्ट बांधून गच्चीच्या जिन्यात, सावलीत ठेवा. खाली जुनी ताटली असू द्या, शहाबादी फरशीवरचा डाग निघत नाही.

नळाला पाणी येण्याचा दिवस बघूनच हे सगळं सुरू करा, कारण धुवायला बरंच पाणी लागतं. रबर न सोडता आधी गार पाण्यात धुवा, म्हणजे सोडा निघून जाईल. मग रबर काढून पुन्हा गार. त्यानंतर हात लावता येणार नाही इतक्या गरम पाण्यात थोडा साबण टाकून अर्धा तास बुडवा, काठीने हलवा. न बसलेला रंग गरम पाण्यातच सुटतो. पाणी बदलत राहा, जवळजवळ नितळ येईपर्यंत. माझे चार वेळा बदलून झाले की थांबते. सोड्याचं पाणी कुंड्यांना घालू नका. वाळवायचं सावलीत, आणि पहिली दोन धुणी वेगळी.

शिवणीचा दोरा पांढराच राहिलेला दिसेल. तो बहुधा पॉलिस्टरचा असतो. तुमचं काही चुकलेलं नाही. उरलेला रंग त्याच दिवशी संपवायचा तर सोड्यात भिजवलेला एखादा जुना सुती नॅपकिन त्यात बुडवा. टॉवेलचं टेरी कापड रंग इतका पितं की बाटल्या कोरड्या होतात.