पाऊस ओसरताना रत्नदुर्ग कसा पाहावा

रत्नागिरीला येणारे बहुतेक जण रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन घेतात, तटावरून समुद्राचे फोटो काढतात आणि अर्ध्या तासात खाली उतरतात. पायाखालच्या कातळाकडे, त्यावर पावसाळ्यात उमलणाऱ्या इवल्या फुलांकडे कुणाचं लक्षच जात नाही. तीन बाजूंनी समुद्र असलेला, घोड्याच्या नालेसारखा वळलेला हा किल्ला खरा पाहायचा तो मान खाली घालून. त्यासाठी अख्खी सकाळ मोकळी ठेवा.

आधी दिवस ठरवा. नारळी पौर्णिमेपासून घट बसेपर्यंतचा काळ चांगला, त्यातही गौरीच्या आसपासचे आठ-दहा दिवस सर्वांत चांगले. जुलैत वारा तटावर उभं राहू देत नाही, आणि दसऱ्यानंतर गवत पिवळं पडू लागतं. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतात ते इथे शब्दशः पटतं.

सकाळी सातच्या आत पोहोचा. शहरातून रिक्षा मिळते. त्या वेळी ऊन पाठीमागून येतं, त्यामुळे पश्चिमेचा समुद्र न चमकता स्वच्छ दिसतो. पाणी, टोपी, छत्रीऐवजी रेनकोट आणि पाय झाकणारे बूट हवेतच. चप्पल घालून जाऊ नका. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं हा साप असतो. ते लहान असतं, मातीच्या रंगात मिसळून जातं आणि विषारी असतं. दगडाखाली किंवा तटाच्या फटीत हात घालू नका. चावलंच तर कापणं, चोखणं असलं काही न करता माणसाला थेट सरकारी रुग्णालयात न्या.

देवीला नमस्कार करून बालेकिल्ल्याची फेरी घ्या. खाली भगवती बंदर आणि पलीकडे मिऱ्याचा डोंगर दिसतो. मग किल्ल्याच्या पेठ किल्ला नावाच्या भागातून दक्षिणेच्या टोकाकडे, १८६७ सालच्या दीपगृहाच्या दिशेने निघा. वाटेत जिथे कातळ उघडा असेल आणि बोटभर पाणी साचलेलं असेल, तिथे थांबा आणि गुडघे टेकून बसा. उभ्याने काहीच दिसत नाही.

निळी-जांभळी, नखाएवढी फुलं दिसली तर ती सीतेची आसवं. कातळावरच्या पातळ मातीत नत्र जवळजवळ नसतं, म्हणून ही वनस्पती किडे खाते. तिच्या मुळांसारख्या धाग्यांना खसखशीएवढ्या पिशव्या असतात. पाण्यातल्या जिवाचा पिशवीच्या केसाला धक्का लागला की तोंड उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. पिशव्या बघण्यासाठी रोप उपटू नका. एवढं माझ्याखातर पाळा. शेजारी पांढऱ्या बटणांसारखे गेंद असतील, जरा कोरड्या जागी पिवळा कवला, त्याच्या पाकळीवर तांबडे ठिपके. तेरड्याची पिकलेली शेंग मात्र बोटाने हळूच दाबून पाहा, मुलं सोबत असतील तर नक्कीच. ती फट्कन उलगडते आणि बिया उडतात. पाऊल नेहमी उघड्या दगडावर टाका, फुलांच्या गालिच्यावर नको.

टोकाला पोहोचलात की कड्यापासून दहा पावलं मागेच बसा. इथला जांभा दगड कडेला पोखरलेला असतो आणि शेवाळाने निसरडाही. सेल्फीसाठी पुढे सरकू नका.

आता नजर वर करा. तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ती घार. पण त्याहून मोठा, पोट पांढरंशुभ्र, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी, पंख किंचित वर उचलून तरंगणारा पक्षी दिसला तर तो समुद्र गरुड, इथला काकण. तो मासे उचलतो, समुद्रसापही उचलतो. समुद्र शांत असेल तर गादा, म्हणजे डॉल्फिन, पाठ काढताना दिसू शकतात. एकाच जागी पाण्यावर नजर ठेवून निदान अर्धा तास बसावं लागतं.

कुरवांचे, म्हणजे सीगल पक्ष्यांचे, थवे हवे असतील तर पुन्हा डिसेंबरात या. तेव्हा फुलं नसतील, पण मासेमारी करून परतणाऱ्या होड्यांमागे पांढरी रांग लागलेली असते.