घर आवरूनही आवरत नाही? या चुका टाळा

"आई, कात्री कुठंय?"
"अगं, गॅसचं पुस्तक कुठे ठेवलंस?"
"वहिनी, टॉर्चचे सेल आहेत का घरात?"

दिवसभरात असे किती प्रश्न एकाच माणसाला विचारले जातात, ते एकदा मोजून बघा. मी एका गुरुवारी मोजले. फ्रिजवर कागद चिकटवला आणि प्रत्येक 'कुठे आहे'ला एक रेघ ओढली. रात्री दहापर्यंत तेवीस रेघा झाल्या. त्याच्या आदल्याच रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत खपून मी सगळं घर लख्ख केलं होतं.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये मी अकरा वर्षं काम केलं. तिथे हजारो सुटे भाग होते, आणि नवीन लागलेल्या मुलालाही आठवड्याभरात हवा तो बोल्ट कोणाला न विचारता सापडायचा. आमची कसोटीच ती होती: कुठलीही वस्तू, कुठल्याही माणसाला, अर्ध्या मिनिटात. घरात त्या मानाने वस्तू मूठभर, पण त्यांचा नकाशा फक्त माझ्या डोक्यात होता. मला वाटतं बहुतेक घरांचं खरं दुखणं हेच आहे. पसारा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्या मागे आपण लागतो. व्यवस्था एकाच माणसाच्या डोक्यात अडकली आहे, हे मात्र दिसत नाही.

पहिली चूक: तिसऱ्या पायरीपासून सुरुवात

पिंपरी-चिंचवड, चाकण भागात नोकरी केलेल्यांना 'फाइव्ह एस' सांगायला नको. जपानच्या कारखान्यांतून आलेल्या या पद्धतीच्या पाच पायऱ्या कामाच्या जागी भिंतीवर लिहिलेल्या असतात: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. आपल्या भाषेत निवडणं, मांडणं, झाडणं-पुसणं, सगळीकडे एकच रीत लावणं आणि ती टिकवणं. घरी आपण आवरायला घेतो म्हणजे थेट फडकं हातात घेतो. ती झाली तिसरी पायरी. निवडलं नाही, जागा ठरवली नाही, त्यामुळे पुसलेल्या वस्तू परत जिथे होत्या तिथेच जातात. रविवारचं घर बुधवारपर्यंत मोडतं ते यामुळे.

निवडायला एक खोली नव्हे, एक खण घ्या. खण पूर्ण रिकामा करून सगळं जमिनीवर चादरीवर मांडा. श्रीखंडाचे रिकामे डबे, झाकण हरवलेले पार्सलचे प्लास्टिकचे डबे, कुठल्या फोनच्या ते आता आठवत नाही अशा वायरी, साडीच्या दुकानातल्या पिशव्या. 'राहू दे, लागेल कधीतरी' असं ज्याबद्दल वाटेल ते एका खोक्यात टाका आणि खोक्यावर आजची तारीख लिहा. कारखान्यात अशा मालाला आम्ही लाल टॅग लावून वेगळ्या जागी ठेवायचो. ठरावीक मुदतीत कोणी मागितला नाही तर तो निघायचा. घरी मी तीन महिने धरते.

यात एक काळजी मात्र घ्या. दुसऱ्याच्या वस्तूचा निकाल आपण लावायचा नाही. माझ्या सासूबाईंचा पितळी डबा, ज्यात आता काहीच नसतं, मी न विचारता माळ्यावर टाकला होता. त्या दोन दिवस गप्प होत्या. लग्नात त्यांच्या आईने दिलेला तो डबा. आता त्यात देवाच्या वाती असतात, आणि तो देवघराशेजारी आहे. घरात प्रत्येकाला असा एक कोपरा हवा जिथे बाकीच्यांनी हात घालायचा नाही.

डबे आधी, विचार नंतर

आवरायचं ठरवलं की एकसारखे डबे नि बास्केट आणायचा मोह होतो. निवडून झाल्याशिवाय एकही आणू नका. नको असलेल्या वस्तूंना नवीन घर मिळतं, एवढंच होतं.

जागा ठरवली, पण चुकीची

जेवणाच्या टेबलावर चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या, चार्जर, रबरबँड आणि आलेली पत्रं रोज जमत असतील, तर घरच्यांवर चिडू नका. तो ढीग तुम्हाला सांगतोय की या वस्तू इथे वापरल्या जातात आणि त्यांची ठरलेली जागा दोन खोल्या पलीकडे आहे. आठवडाभर काहीही न उचलता फक्त बघा, कुठे काय साचतंय. मग वस्तू जिथे साचते तिथेच तिला जागा द्या. आमच्या टेबलाच्या कडेला आता एक पसरट टोपली आहे, तिच्यात बाबांचा चष्मा आणि गोळ्यांची पट्टी. पत्रांसाठी दाराजवळ खिळ्याला एक कापडी पिशवी.

कात्रीचंही तसंच. एकच कात्री स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्यांना, हॉलमध्ये पार्सलला आणि मुलांच्या टेबलावर क्राफ्टला लागते. मग ती नेहमी चौथ्याच ठिकाणी सापडते. आणखी दोन कात्र्या आणल्या, तिन्हींच्या मुठीवर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी गुंडाळली. तीसचाळीस रुपयांच्या दोन वस्तूंनी रोजची शोधाशोध थांबली.

उंचीचा नियम स्टोअर्समधलाच: जड खाली, हलकं वर, रोजचं कमरेपासून खांद्यापर्यंत. मोठा कुकर आणि पाटा-वरवंटा वरच्या फळीवर, आणि रोजचा चहाचा डबा ओट्याखाली वाकून काढायचा, अशी रचना मी कितीतरी घरांत बघते. घर बांधलं तेव्हा जे जिथे ठेवलं गेलं, ते तिथेच राहिलं.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. कारखान्यात पान्यांच्या फळीवर प्रत्येक पान्याच्या मागे त्याच्याच आकाराची सावली रंगवलेली असते. पाना जागेवर नसला की सावली उघडी पडते आणि लांबूनही कळतं काय गेलंय. मी दाराजवळ लाकडी पट्टीवर पाच हूक लावले आणि प्रत्येक किल्लीची बाह्यरेषा मार्करने काढली: घराची, स्कूटरची, कपाटाची, गच्चीची, शेजारच्या काकूंची. खाली नावं लिहिली. पहिल्याच आठवड्यात माझी धाकटी शाळेतून आली आणि दप्तर टाकायच्या आधी म्हणाली, "गच्चीची किल्ली नाहीये, दादाने नेलीय का?" तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. उघड्या रेषेने सांगितलं.

किराणा: नवं वर ओतणं

डाळीच्या डब्यात तळाला वाटीभर डाळ असते आणि नवीन पाकीट त्याच्यावर ओतलं जातं. तळाची डाळ तळालाच राहते, पावसाळ्यात तिला कीड लागते आणि वरचीही हातची जाते. आधी आलेलं आधी गेलं पाहिजे, याला स्टोअर्समध्ये 'फिफो' म्हणतात. डबा पूर्ण रिकामा होऊ द्या, धुवा, उन्हात कडकडीत वाळवा, मगच नवं भरा. उरलेली वाटीभर डाळ त्या दिवशीच्या वरणाला घ्या.

दुसरी गोष्ट, 'संपल्यावर आणू'. चहा नेहमी पाहुणे दारात असतानाच संपतो. यावर दोन डब्यांची पद्धत फार साधी आहे. प्रत्येक रोजच्या जिन्नसाचा एक वापरातला डबा आणि मागे एक न फोडलेलं पाकीट. मागचं पाकीट ज्या क्षणी फोडाल त्याच क्षणी ते नाव यादीत जाईल. नंतर आठवून लिहायचं नाही. यादी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, शेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिल बांधलेली नसेल तर ही पद्धत चार दिवसांत बंद पडते, हे मी अनुभवाने सांगते. ज्याने पाकीट फोडलं त्याने लिहायचं, मग तो नवरा असो की मुलगा. आमच्याकडे सगळ्यात नेमाने माझा मुलगा लिहितो, कारण शेंगदाणे तोच संपवतो.

सणांच्या याद्या मात्र जपून ठेवा. गणपतीला कापूर, वस्त्रमाळ, जानवं, सुपाऱ्या, अत्तर, विड्याची पानं हे दरवर्षी नव्याने आठवत बसायचं काही कारण नाही. विसर्जन झालं की त्याच संध्याकाळी यादी काढून 'वाती कमी पडल्या', 'नारळ दोन उरले' असं पेनाने लिहून ठेवते. पुढच्या वर्षी ती यादी कोणाच्याही हातात द्या, तो सामान घेऊन येईल.

गॅसपाशी उभ्या आहात तर दोन तारखा बघून घ्या. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. 'बी 27' म्हणजे त्या सिलिंडरची चाचणी जून 2027 पर्यंत देय आहे. मुदत उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नका. आणि रबरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. बदललेली तारीख शेगडीच्या मागच्या फरशीवर मार्करने लिहा.

कागदपत्रं: सगळ्यात महाग पडणारी चूक

दहावी-बारावीचा निकाल लागला की अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर यांची जी धावपळ घराघरांत होते, ती मी दोनदा केली आहे. दाखला काढलेला असतो, पण तो कुठल्या पिशवीत आहे ते ज्याला माहीत तो माणूस नेमका गावाला गेलेला असतो.

'महत्त्वाचे कागद' अशी एकच जाड फाइल करू नका. तिच्यात सगळं जातं आणि काहीच सापडत नाही. मी चार केल्या. घर: खरेदीखत, इंडेक्स 2, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीच्या पावत्या. माणसं: प्रत्येकाचे दाखले, गुणपत्रिका, दवाखान्याचे रिपोर्ट, प्रत्येकाची वेगळी प्लास्टिकची पिशवी. पैसे: पासबुकं, विमा, पीपीएफ, मुदत ठेवी. वस्तू: फ्रिज, मिक्सर, पंप यांची बिलं आणि वॉरंटी. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर आत काय आहे त्याची हाताने लिहिलेली यादी, आणि कागद बाहेर गेला की त्या ओळीपुढे पेन्सिलने 'शाळेत दिला, 12 जून' असं.

दुकानातल्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात आणि काही महिन्यांत पुसट होतात. पंप बिघडतो तेव्हा हातात कोरा कागद उरतो. आणल्या दिवशीच झेरॉक्स काढून मूळ पावतीला जोडा. त्या लॅमिनेट तर अजिबात करू नका, उष्णतेने सगळा कागद काळा होतो.

डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं ऑनलाइन ठेवायची सरकारी सोय, 2015 पासून आहे, पण त्याबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. आपण फोटो काढून त्यात चढवलेला कागद आणि मूळ कार्यालयाकडून त्यात थेट आलेला कागद यांत फरक आहे. वाहन चालवायचा परवाना, आरसी म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, बोर्डाची गुणपत्रिका हे संबंधित कार्यालयाकडून मागवून घेतलं तर कायद्याने ते मूळ कागदाच्या बरोबरीचं मानलं जातं. आपण चढवलेला फोटो फक्त फोटो राहतो. आधारची प्रत कोणाला देताना मास्क केलेली द्या, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

आणि नॉमिनी. हा विषय घरात बोलायला जड जातो, तरीही बोला. माझ्या मावशीच्या यजमानांच्या मुदत ठेवीवर नॉमिनी म्हणून त्यांच्या आईचं नाव होतं, जी त्यांच्या आधी दहा वर्षं गेली होती. दुःखात असलेल्या बाईला कागदांसाठी महिनोन्महिने चकरा माराव्या लागल्या. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या ठेवीवर चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. एक दुपार काढून घरातल्या प्रत्येक खात्यावर कोणाचं नाव आहे ते बघा. जुन्या, विसरलेल्या ठेवींचा शोध घ्यायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ 2023 पासून सुरू आहे.

वेळेच्या चुका

एका दिवसाच्या यादीत चौदा कामं लिहिली की रात्री दहा उरतात आणि मन खट्टू होतं. मी तीन लिहिते. बाकीची 'या आठवड्यात' अशा वेगळ्या कागदावर.

घरातून ऑफिसचं काम करणाऱ्यांनी कुकरच्या शिट्ट्या मोजत मीटिंग ऐकू नये, दोन्ही अर्धी होतात. भाजी रात्री चिरून ठेवा, किंवा ते काम सरळ दुसऱ्याच्या नावावर करा. दुसऱ्याच्या नावावर केलेलं काम मात्र पूर्ण द्यायचं. 'मी सांगेन तेव्हा तू दूध आण' म्हणजे दूध आणायचं डोकं तुमचंच राहिलं. दूध संपलंय हे बघणंही त्याचंच.

आणि तरीही मोडलं तर

मोडतं. पाहुणे येतात, कोणी आजारी पडतं, परीक्षा असतात. तेव्हा पुन्हा सगळं घर काढून बसू नका. आम्ही शनिवारी रात्री जेवणानंतर दहा मिनिटं एक खेळ खेळतो. मी पाच चिठ्ठ्या काढते: मेणबत्ती, टाचणी, आजोबांचा ईसीजी, सायकलचा पंप, मिक्सरचं बिल. ज्याच्या हाताला जी चिठ्ठी येईल त्याने ती वस्तू अर्ध्या मिनिटात आणायची, मला न विचारता. जी सापडत नाही तिची जागा चुकली आहे. त्या आठवड्यात फक्त तेवढीच बदलायची.

गेल्या शनिवारी टाचणी अडली. सासूबाईंनी सांगितलं, शिवणाच्या डब्यात नको, देवघराच्या खणात ठेव, हार बांधताना तिथेच लागते. आता ती तिथे आहे.