परदेशी युनिव्हर्सिटीशी टायअप संपवताय? आधी शेवटचा एटीकेटीवाला शोधा

आपल्याकडे टायअप संपतो म्हणजे काय, तर एमओयूची (सामंजस्य कराराची) मुदत संपते, रिन्यू कुणी करत नाही, फाइल कपाटात जाते आणि वेबसाइटवर त्यांचा लोगो तसाच लटकत राहतो. नुसतं फॅकल्टी एक्स्चेंज असेल तर ठीक आहे, एक बरा ईमेल टाका, लोगो काढा, झालं. पण ट्विनिंग (थोडं शिक्षण तिकडे, डिग्री आपली), जॉइंट (दोघांची मिळून एक डिग्री) किंवा ड्युअल डिग्रीला (दोघांची वेगवेगळी डिग्री) मुलं घेतली असतील तर असं नाही चालत.

आधी पत्र लिहायला बसू नका, यादी करा. एक्झाम सेक्शनमध्ये चहा घेऊन बसायचं आणि एकेक नाव काढायचं, कोण कितव्या सेमला आहे, कुणाचे किती क्रेडिट तिकडचे, कुणी गॅप घेतलाय, कुणाचा विषय राहिलाय. रेग्युलर मुलं निघून जातात हो, अडकतो तो एटीकेटीवाला. आमच्याकडे सगळे सोपस्कार उरकले आणि मग एक पोरगा उगवला, एकच विषय राहिलेला, तोही तिकडच्या सिलॅबसचा, आणि पेपर सेट करणारे सर रिटायर झालेले. आठ महिने गेले त्यात.

करारातली नोटीस सहा महिन्यांची आणि कोर्स तीन वर्षांचा, तर सहा महिन्यांत फक्त नवीन अॅडमिशन थांबवायच्या, शिकवणं नाही. जुनी बॅच पूर्ण होईपर्यंत दोघंही बांधील, हे वेगळ्या पत्रावर सही करून घ्या, तिकडच्या गोड बोलण्यावर राहू नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत जॉइंट डिग्रीला दोन्हीकडचे प्रत्येकी किमान ३० टक्के क्रेडिट लागतात, म्हणजे एका बाजूने हात वर केले की मुलाची डिग्रीच लटकली. म्हणून त्याच नियमांत अर्धवट राहिलेल्या मुलांसाठी एक्झिटची सोय आणि झालेले क्रेडिट पुढे कसे धरणार हे स्पष्ट ठेवायला सांगितलंय. ते कलम करार करताना कुणी वाचत नाही, आता तरी वाचा.

सांगायचं कधी? ठरल्यावर लगेच, आणि मुलांना पेपरातून कळायच्या आत. सिंगापूरचं येल-एनयूएस बघा, अमेरिकेतली येल आणि नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर (एनयूएस) यांनी मिळून काढलेलं कॉलेज. ऑगस्ट २०२१ मध्ये अचानक जाहीर झालं की कॉलेज बंद होणार, नवीन बॅच तेव्हा नुकतीच आत आलेली. त्या बॅचला २०२५ पर्यंत पूर्ण करू दिलं, हे चांगलंच केलं, पण निर्णय घेताना आम्हाला विचारलंच नाही हा राग मुलांच्या आणि प्रोफेसरांच्या मनात राहिला. आणि २०२५ मध्ये, अगदी शेवटी, लायब्ररीतली सुमारे ५०० पुस्तकं रिसायकलिंगला निघालेली मुलांनी पाहिली, एवढा गदारोळ झाला की एनयूएसला माफी मागावी लागली. चार वर्षं नीट निभावून शेवटी रद्दीत घसरले! तेव्हा पुस्तकं, लॅबची यंत्रं, सॅम्पल्स कुणाकडे जाणार हेही आधीच लिहून ठेवा. एकत्र गाइड असलेल्या पीएचडीवाल्यांचं तर वेगळंच पत्र करा, डेटा कुणाचा आणि पेपरवर नावं कशी, सगळं त्यात.

आणि ट्रान्सक्रिप्ट. दहा वर्षांनी कॅनडातून व्हेरिफिकेशनचा मेल येईल तेव्हा तुम्ही त्या खुर्चीत नसाल, मी पण नसेन. म्हणून मार्कांचं पूर्ण रेकॉर्ड दोन्हीकडे ठेवा, आणि पत्ता कुणा मॅडमच्या नावाचा नको, ऑफिसच्या कॉमन ईमेल आयडीचा द्या. तो आयडी चालू आहे का हे दर जूनमध्ये स्वतःच एक मेल टाकून बघत जा.