जिल्हा निवड चाचणीआधी वयोगटाचं गणित स्वतः करा

माझा जन्म डिसेंबर २००४चा. ऑगस्ट २०२२मध्ये जिल्हा अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या निवड चाचणीला गेलो, तेव्हा अठरा पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते. वर्षभर अठराखालील गटाचा पाच किलोचा गोळा फेकून तयारी केली होती. टेबलावर जन्मदाखला पाहिला आणि सांगितलं, "तू वीसच्या गटात." त्या गटात गोळा सहा किलोचा. हातात घेतला तेव्हाच मनगट बोललं. पहिल्या आठातही आलो नाही. रात्री एसटीत खिडकीकडे तोंड करून रडलो.

म्हणून हे एकच नीट समजून घ्या. वय स्पर्धेच्या दिवशीचं धरत नाहीत, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं धरतात. चालू सालातून जन्मसाल वजा करा. १६ किंवा १७ आलं तर अठराखालील, १८ किंवा १९ आलं तर वीसखालील. महिना पाहूच नका. २०२६मध्ये २००८ साली जन्मलेला मुलगा वीसखालीच खेळणार, मग तो जानेवारीतला असो की माझ्यासारखा डिसेंबरातला. "अजून अठरा झाले नाहीत ना, भर अर्ज," असं मला सांगणारे माझे सरच होते. मनाने चांगले, पण नियमपुस्तक उघडलेलं नव्हतं. सरांवर श्रद्धा ठेवा, वजाबाकी मात्र स्वतः करा.

हा नियम जिल्ह्याच्या सचिवांनी काढलेला नाही. जागतिक संघटनेपासून आशियाई, राष्ट्रीय, राज्य आणि मग जिल्हा, असा तो खाली येतो. टेबलावर भांडून काही हलत नाही; मी भांडलो होतो.

गोंधळ वाढतो तो शालेय स्पर्धांमुळे. तिथे गट १४, १७, १९. संघटनेकडे १४, १६, १८, २०. शालेय राज्यस्पर्धेत पदक मिळालं म्हणून संघटनेच्या राज्यस्पर्धेत आपोआप नाव जात नाही, तिथे जिल्हा चाचणीतूनच जावं लागतं. अडथळ्यांची शर्यत धावणाऱ्या मुलांनी तर जास्तच जपा: ११० मीटरला अठराखाली अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, वीसखाली ९९.१. पायांची सगळी लय बदलते.

आणि कुणी "दाखल्यावर दोन वर्षं कमी करून देतो" म्हणाला तर तिथून उठा. वयाची तपासणी होते, आणि पकडलं गेल्यावर तो माणूस तुमच्या शेजारी उभा नसतो.

पण चुकीच्या वजनावर वर्ष गेलं म्हणून सराव सोडू नका. पाच किलोवर बसलेलं तंत्र वाया जात नाही. मला सहा किलो अंगात भिनायला सात-आठ महिने लागले, पुढच्याच वर्षी जिल्ह्यात दुसरा आलो.

राष्ट्रीय महासंघाची ऑनलाइन नोंदणी आधीच करून ठेवा आणि मूळ जन्मदाखला सोबत न्या. माझ्यासोबतचा एक भालाफेकपटू फक्त झेरॉक्स घेऊन आला होता, तो दिवसभर मैदानाबाहेर बसला.